देहातील हाक

पायात काटा मोडतो. तो काढून टाकला तरी थोड्या वेळाने तेवढी जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकू लागते. घरातील वडीलधारी माणसे हळदीचा लेप लावतात आणि दोन दिवस कळ सोसायला सांगतात. बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत सूज ओसरते आणि काटा मोडल्याची आठवणही राहत नाही. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एकत्र नोंदवून ठेवली होती. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला दाह असे म्हणतात. सामान्य माणूस दाहालाच आजार समजतो. दाह शमला की आजार गेला, असे मानतो. या समजुतीत थोडे सत्य आहे आणि मोठा धोकाही आहे. तो धोका ओळखून त्यावर उपाय शोधण्याचे काम ज्या शहरांत झाले, त्यांत चेन्नईचे स्थान फार वरचे आहे. परंतु ती हकीकत समजण्यासाठी आधी देहाच्या आत डोकवावे लागते.

रक्तात तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशीही वाहत असतात. त्यांची संख्या तांबड्या पेशींच्या मानाने फारच थोडी. पण शरीराच्या रक्षणाचा भार त्यांच्यावर असतो. १८६७ मध्ये कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवून दिले, की दाहाच्या जागी या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात. १८८२ मध्ये मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात एक बारीक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दिसले, की त्या काट्याभोवती भटक्या पेशींचा वेढा पडला आहे. परक्या वस्तूला वेढणाऱ्या आणि गिळणाऱ्या या पेशींना भक्षक पेशी असे नाव मिळाले. या संशोधनाबद्दल १९०८ मध्ये मेचनिकॉफला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मात्र एक प्रश्न उरलाच. पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. मग काटा कोठे मोडला, हे तिला सांगितले कोणी?

उत्तर आहे रसायनांत. चेन्नईत संध्याकाळी मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला बसलेल्या असतात. अंधारातही वासाच्या मागाने त्यांच्यापर्यंत पोहोचता येते. वास जिकडे दाट होत जातो, तिकडे पावले वळवायची, एवढेच करावे लागते. पांढरी पेशीही असाच माग काढते. जखमी झालेल्या पेशी, आत शिरलेले जंतू आणि जागेवर पहारा देणाऱ्या भक्षक पेशी यांच्यापासून काही रसायने पाझरतात. उगमापाशी ती दाट असतात, दूरवर विरळ होत जातात. पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर ही रसायने ओळखणारे ग्राहक असतात. कोणत्या बाजूच्या ग्राहकांवर रसायनाचे रेणू अधिक बसले, यावरून पेशीला दिशा कळते आणि ती त्या बाजूला सरकू लागते. पेशींना असे बोलावणाऱ्या प्रथिनांच्या कुळाला केमोकाइन म्हणतात. या कुळातील अनेक प्रथिने आता माहीत झाली आहेत आणि त्यांतील प्रत्येकाची हाक विशिष्ट पेशींनाच ऐकू येते.

ही हाक आधी रक्तवाहिनीपर्यंत पोहोचते. तेथील वाहिन्या रुंदावतात. म्हणून ती जागा लाल आणि गरम होते. त्यांच्या भिंती सैल होऊन पाणी बाहेर झिरपते. म्हणून सूज येते. काही रसायने वेदनेच्या मज्जातंतूंना संवेदनशील करतात. म्हणून ठणका लागतो. रक्ताच्या वेगात वाहून जाणारी पांढरी पेशी भिंतीला अडखळते, तिच्यावरून घरंगळत जाते, मग घट्ट चिकटते आणि अखेर भिंतीच्या फटीतून अंग चोरून पलीकडे उतरते. पहिली तुकडी काही तासांतच हजर होते. त्या पेशींचे आयुष्य थोडे असते. पू म्हणून जो वाहतो, त्यात मुख्यतः त्यांचीच प्रेते असतात. त्यांच्या मागोमाग अधिक टिकाऊ भक्षक पेशी येतात, आणि पुढे काही दिवसांनी शत्रू नेमका ओळखणाऱ्या टी-पेशी. संकट मोठे असेल, तर काही संदेश रक्तावाटे मेंदूपर्यंत जातात. मग ताप चढतो, अन्नावरची वासना उडते, अंग गळून जाते. ताप, अशक्तपणा आणि अरुची या गोष्टी अनेकदा जंतूने थेट केलेल्या नसतात. त्या देहाच्या स्वतःच्या हाका असतात.

काट्याच्या बाबतीत हे सारे चार दिवसांत संपते. पण शत्रू चिवट असेल आणि हाक महिनोन्‌महिने चालूच राहिली, तर काय होते? याचे उत्तर क्षयरोगात मिळते.

क्षय म्हणजे झिजणे. रोगाचे नाव रोग्याच्या देहाकडे पाहूनच पडले आहे. रॉबर्ट कॉख याने १८८२ च्या मार्च महिन्यात या रोगाचा जंतू दाखवून दिला, तेव्हा झिजेचे कारण सापडले असे जगाला वाटले. पण जंतू माणसाला कसा झिजवतो, हे कळायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. शरीराला खंगवणारे एक रसायन शास्त्रज्ञ शोधत होते. त्याच काळात टीएनएफ नावाच्या एका संदेशक प्रथिनावरही काम चालू होते. १९८५ च्या सुमारास उघड झाले, की ही दोन्ही एकच आहेत. पेशींना एकत्र बोलावणारे प्रथिनच प्रमाणाबाहेर स्रवले, की अंगावरचे मांस उतरवते. क्षय या शब्दातील झीज बव्हंशी देहाच्या हाकेची किंमत आहे.

क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात जातो. तेथील भक्षक पेशी त्याला गिळते. पण तो तिच्या पोटातही जगतो. पेशी हाका घालते. आणखी भक्षक पेशी येतात, काही आठवड्यांनी टी-पेशी येतात, आणि सर्व मिळून जंतूंभोवती एक गोळा बांधतात. त्याला क्षयगाठ म्हणावे. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचे प्रथिन सोडून भक्षक पेशींचे बळ वाढवतात. टीएनएफ तो वेढा बांधून ठेवते. संसर्ग झालेल्या बहुसंख्य माणसांत ही तटबंदी जन्मभर टिकते. जंतू आत असतो आणि माणूस निरोगी असतो. दहांपैकी नऊ जणांना तरी हा रोग कधीच होत नाही. उरलेल्यांत मात्र कधी ना कधी वेढा फुटतो. गाठीचा मध्यभाग मरतो आणि पनीरासारखा भुसभुशीत होतो. जमलेल्या पेशींमधून सुटलेली विकरे जंतूंबरोबर फुप्फुसाचे ऊतकही विरघळवतात आणि तेथे पोकळी पडते. ती श्वासनलिकेत उघडली, की खोकल्यासरशी जंतू बाहेर पडून दुसऱ्याच्या घरात जातात. रक्षणासाठी जमलेल्या सैन्याच्या हातूनच शत्रूला वाट मिळते.

चेन्नईला, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला, हा रोग परका नव्हता. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपेट भागात वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ होते. इंग्लंडमध्ये असल्यापासून त्यांना वारंवार ताप येत असे आणि त्यांचे शरीर खंगत गेले होते. डॉक्टरांनी क्षयाचे निदान करून त्यांना तेथील आरोग्यधामांत ठेवले होते. पुढे कित्येक दशकांनी जुन्या नोंदी तपासून काहींनी असे मत मांडले, की त्यांचा आजार यकृतातील अमीबाचा असावा. ताप आणि झीज या हाकांवरून संकट आल्याचे कळते. शत्रूचे नाव कळत नाही, हेच यातून दिसते. महाराष्ट्रानेही हे दुःख पाहिले होते. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये पुण्यात क्षयानेच गेल्या. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच उपचार होता, आणि तो गरिबाच्या आवाक्यात नव्हता.

विसाव्या शतकाच्या मध्यास जंतू मारणारी औषधे आली. पण खाटा कोठून आणायच्या, हा प्रश्न होता. लाखो रुग्णांना आरोग्यधामात ठेवणे भारताला शक्य नव्हते. १९५६ मध्ये चेटपेट येथेच एक केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून ते उभारले. वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरांनी सुरुवातीच्या काळात तेथील कामाला दिशा दिली. शहराच्या दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांतील १९३ रुग्ण निवडले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एक गट आरोग्यधामात गेला, दुसरा घरीच राहिला. दोघांना औषधे तीच, आणि तीही एक वर्ष.

आरोग्यधामातील रुग्णांना चांगले अन्न, विश्रांती आणि परिचारिकांची देखरेख मिळाली. घरच्या रुग्णांना लहानशी खोली, अपुरे जेवण आणि रोजची दगदग होती. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा जग थक्क झाले. दोन्ही गटांतील बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. पुढे पाच वर्षे घरच्यांवरही लक्ष ठेवले गेले. रुग्ण घरी राहिल्यामुळे त्यांना अधिक लागण झाली, असे दिसले नाही. क्षयरोग्याला घरातून उठवून दूर नेण्याची गरज या अभ्यासाने संपवली. हळूहळू जगभरची आरोग्यधामे ओस पडली, आणि रुग्ण आपल्या माणसांत राहून बरा होऊ लागला.

या विजयाला एक अट होती. औषध शेवटपर्यंत घेतले गेले पाहिजे. केंद्राचे कर्मचारी पूर्वसूचना न देता रुग्णांच्या घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही ते पाहत. एवढी दक्षता कशासाठी, हे हाकेचे रसायन कळले म्हणजे समजते. औषध सुरू होताच जंतू मोठ्या संख्येने मरतात. जंतू कमी झाले, की हाकाही मंदावतात. बहुतेकांचा ताप दोन-तीन आठवड्यांत उतरतो, भूक लागू लागते, वजन वाढते, खोकला कमी होतो. रुग्णाला वाटते, आपण बरे झालो. कामावर जायचे असते, घरात खाणारी तोंडे असतात, गोळ्यांनी पोटात मळमळते. मग तो औषध सोडतो. त्या वेळी त्याच्या फुप्फुसात थोडेसे जंतू सुस्त होऊन पडलेले असतात. क्षयाच्या जंतूला एकाचे दोन व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो; सुस्त जंतू तर वाढतच नाही, आणि जो वाढत नाही त्याला मारणे औषधालाही जड जाते. हाक थांबलेली असते, शत्रू थांबलेला असतो एवढेच. काही महिन्यांनी तो पुन्हा उठतो, आणि या वेळी औषधाला न जुमानणारा होऊन उठण्याची भीती असते.

म्हणूनच मद्रासच्या केंद्राने पुढचे पाऊल टाकले. १९६० च्या दशकात तेथे आठवड्यातून दोनदाच, परंतु कर्मचाऱ्याच्या देखत औषध देण्याची पद्धत तपासली गेली आणि ती यशस्वी ठरली. समोर बसवून औषध देण्याचे हे तत्त्व १९९० च्या दशकात जगभरच्या क्षयनियंत्रण कार्यक्रमांचा आधार बनले. पुढे आणखी प्रभावी औषधे आली, वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आला, आणि २०१७ पासून भारतात औषध रोज देण्याची पद्धत स्वीकारली गेली. मूळ सूत्र मात्र तेच राहिले: उपचार किती दिवस घ्यायचा, हे रुग्णाला बरे वाटण्यावरून ठरत नाही.

याच परिसरात देहाच्या हाकेबद्दल दुसरा एक धडा मिळाला. क्षयाच्या जंतूपासून काढलेले प्रथिन सुईने हाताच्या कातडीत टोचले, आणि त्या माणसाला पूर्वी संसर्ग झालेला असला, तर दोन-तीन दिवसांत तेथे टणक फुगवटा येतो. तो मोजपट्टीने मोजतात. हा फुगवटा म्हणजे हाक ऐकून आलेल्या पेशींची गर्दीच होय. देहाच्या आतला संवाद कातडीवर असा डोळ्यांनी दिसतो. मद्रासजवळच्या चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ मध्ये बीसीजी लशीची फार मोठी चाचणी सुरू झाली. ही लस टोचल्यावर असा फुगवटा उठू लागे. त्यामुळे लस काम करते आहे, असे वाटणे साहजिक होते. पण १५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून लशीने संरक्षण दिल्याचे आढळले नाही. लहान बालकांना होणाऱ्या क्षयाच्या गंभीर प्रकारांवर ती उपयोगी असल्याने ती आजही जन्मतःच देतात. तरीही चेंगलपट्टूने एक सत्य पुढे ठेवले. हाकेला पेशी धावून आल्या, म्हणजे लढाई जिंकली असे होत नाही.

मग हाकच बंद केली तर? रुग्णांत हा प्रयोग ठरवून झाला नव्हता. तो नकळत घडला. संधिवातात शत्रू नसतानाही सांध्यांत हाका चालू राहतात आणि सांधे झिजतात. त्यावर टीएनएफला अडवणारी औषधे निघाली आणि ती गुणकारी ठरली. परंतु २००१ मध्ये डॉक्टरांच्या ध्यानात आले, की ही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत क्षय उसळून येत आहे. वेढा बांधून ठेवणारे रसायन अडवले गेले होते आणि वर्षानुवर्षे कोंडलेला जंतू मोकळा झाला होता. तेव्हापासून अशी औषधे सुरू करण्याआधी सुप्त क्षय आहे का, हे तपासून पाहतात. उलट उदाहरणही आहे. क्षय मेंदूच्या आवरणात शिरला, की तेथील दाहच जिवावर बेततो; कवटीत सूज यायला जागा नसते. २००४ मध्ये व्हिएतनाममधील एका अभ्यासात जंतुनाशक औषधांच्या जोडीला दाह कमी करणारे स्टेरॉइड दिले, तेव्हा मृत्यू कमी झाले. एकाच रोगात एका जागी हाक हवी असते, दुसऱ्या जागी ती दबवावी लागते. हे ठरवणे जाणत्या डॉक्टरचे काम आहे.

बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या ललिता रामकृष्णन यांनी हा तोल झेब्रा माशांत पाहिला. भारतीय उपखंडातील ओढ्यांत आढळणाऱ्या या चिमुकल्या माशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यामुळे जंतू आणि भक्षक पेशी यांचा झगडा जिवंत देहात दिसतो. त्यांच्या गटाला आढळले, की टीएनएफ फार कमी असले तर जंतू माजतात, आणि फार जास्त असले तर भक्षक पेशी फुटून मरतात व जंतू मोकळे सुटतात. काही वेळा तर जंतूच पेशींना बोलावून घेतो आणि आलेल्या प्रत्येक पेशीत आपला नवा संसार मांडतो. शत्रूलाही हाक घालता येते.

चेटपेटचे केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. हे नाव त्याला २०११ मध्ये मिळाले. तेथील शास्त्रज्ञ आता रुग्णाच्या रक्तातील ही संदेशक रसायने मोजतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात दिसले, की क्षयाबरोबर मधुमेहही असलेल्या रुग्णांच्या रक्तात दाहाचे संदेश नुसत्या क्षयाच्या रुग्णांपेक्षा वाढलेले असतात. मधुमेह वाढत चाललेल्या देशात या मोजमापाला फार महत्त्व आहे. जेथे पूर्वी गोळ्या मोजल्या जात, तेथे आता हाकाही मोजल्या जातात.

देहाची हाक ऐकावी. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेले वजन ही तपासणीसाठी जाण्याची निमंत्रणेच आहेत, आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. परंतु हाक थांबली, यावर तेवढाच विसंबून राहण्यात शहाणपण नाही. ताप उतरल्यानंतर, अंगावर मांस चढल्यानंतर, आपण ठणठणीत आहोत असे वाटत असताना जो माणूस सहाव्या महिन्यातील शेवटची गोळी घेतो, तो ऐकू न येणाऱ्या शत्रूशी लढत असतो. त्याच्या घरातील मुलेबाळे सुरक्षित राहतात, ती त्या निमूटपणे घेतलेल्या गोळीमुळे.